धोंडिरामाला गाव विचारणारी

शेवंती मेस्त्री आमच्याकडे रुजू झाली त्या दिवशी तिने मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "मॅडम, ह्याचं लग्न झालंय का?"

ह्याचं म्हणजे धोंडिरामाचं. धोंडिराम हा रबराचा आणि प्लास्टिकचा बाहुला आहे, माणसाएवढा लांब आणि उचलायला माणसापेक्षा जड. कांदिवलीच्या ज्या रुग्णालयात मी नर्सेसना शिकवते तिथे चौथ्या मजल्यावर एक खोली आहे. खालच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, जे जे असतं ते सगळं त्या खोलीत आहे, फक्त खरा पेशंट नाही. त्याच्या जागी खाटेवर धोंडिराम असतो. त्याची छाती वरखाली होते, मानेला बोट लावलं तर ठोका लागतो, पापण्या उघडमीट करतात आणि डोक्यात बसवलेल्या स्पीकरमधून तो कण्हतो, बोलतो, मनात आलं तर शिव्याही देतो. कॅज्युअल्टीसाठी भरती झालेल्या नव्या नर्सने खऱ्या माणसाला हात लावायच्या आधी या बाहुल्यावर हात बसवायचा. चुकली तर बाहुला मरतो, आणि आम्ही बटण दाबून त्याला पुन्हा जिवंत करतो.

नव्या मुली त्याला पहिल्यांदा बघतात तेव्हा काही खुदकन हसतात, काही दचकतात. लग्नाची चौकशी करणारी ही पहिलीच.

"का गं? स्थळ आणलंयस का?" मी म्हटलं.

"तसं नाही मॅडम. म्हणजे काही झालं तर फोन कोणाला लावायचा? आईला की बायकोला?"

"ते नंतर," असं म्हणून मी तिला हात धुवायला पाठवलं.

हा कारभार चालवणारी आम्ही तीन माणसं. मी माधुरी, शिकवणं आणि नापास करणं ही दोन कामं माझी. दुसरे धाकू गावडे. ते मूळचे आमचे इलेक्ट्रिशियन, आता निवृत्तीला आलेले. खोलीच्या एका भिंतीला काच आहे. तिच्यातून पलीकडच्याला आतलं सगळं दिसतं, पण आतल्याला पलीकडचं काही दिसत नाही. त्या काचेमागे अंधारात बसून धाकूभाऊ बटणं दाबतात आणि माइकवरून धोंडिरामाला आवाज देतात. बाहुल्याचं नाव त्यांनीच ठेवलं. नकली रक्तसुद्धा तेच करतात, गावाहून आलेल्या कोकमाच्या गोड पाकात चिमूटभर मैदा कालवून. रंग इतका खरा होतो की एकदा एक मुलगी बघूनच भोवळ येऊन पडली. फक्त परीक्षा लांबली की धोंडिरामाला मुंग्या लागतात.

तिसऱ्या सुगंधामावशी. त्या आया म्हणून लागल्या, पण आता आमच्या कायमच्या नातेवाईक झाल्या आहेत. कॅज्युअल्टीत पेशंट कधी एकटा येत नाही. त्याच्यामागून रडणारे, ओरडणारे, मोबाइलवर शूटिंग करणारे येतात. त्यांना सांभाळणं हाही आमच्याकडे अभ्यास आहे. मावशी दिंडोशीहून येतात, निळी साडी बदलून कधी पेशंटची आई होतात, कधी बहीण, कधी भांडकुदळ शेजारीण. मी लिहून दिलेली वाक्यं एकदा ऐकली की पुरे. चाळीस किलोची ती बाई पदर खोचून उभी राहिली की बी.एस्सी. झालेल्या मुलींची त-त-प-प होते.

आता शेवंतीबद्दल. वय चोवीस. नाव जुन्या वळणाचं, कारण ते आजीने ठेवलं. आजोबा गिरणीत होते. गिरणी गेली तसे परळहून उठून चारकोपला आले. वडील लिफ्ट दुरुस्त करतात. ती स्वतः आधी बोरिवलीच्या एका डायलिसिस केंद्रात होती. तिथे माणूस चार-चार तास खुर्चीत बसलेला असतो, त्यामुळे शेवंतीला रान मोकळं मिळालं. कोणाच्या सुनेला कितवा महिना, कोणाचा मुलगा दुबईहून पैसे पाठवत नाही, हे सगळं तिला ठाऊक. तिच्या आईने मला एकदा सांगितलं की लहानपणी मार्वेहून मनोरीला जाताना ही बोटवाल्याला इंजिनाबद्दल प्रश्न विचारत बसली. मनोरीचा धक्का आला, सगळी माणसं उतरली, आणि ही त्याच बोटीने परत मार्वेला. तिला उतरायचं होतं हे ती विसरली, आणि ही पोर आपली नाही हे बोटवाला विसरला.

आमच्याकडे नियम असा की नव्या मुलीला तीन महिने उमेदवारी. त्या मुदतीत बाहुल्यावर परीक्षा. नापास झाली तर आणखी एक संधी. दुसऱ्यांदाही नापास झाली तर नोकरी राहते, पण कॅज्युअल्टी जाते; तिला पहिल्या मजल्यावरच्या हेल्थ चेकअप विभागात पाठवतात. तिथे धडधाकट माणसं अपॉइंटमेंट घेऊन उपाशीपोटी येतात आणि रक्त देऊन झालं की सँडविच मागतात. काहीजणींना ती शिक्षा वाटत नाही. शेवंतीला वाटत होती.

पहिल्या परीक्षेत मी सोपी केस दिली. छातीत दुखणारा पन्नाशीचा माणूस, सोबत बहीण. नर्सने त्याला मॉनिटरला जोडायचं, छातीचा कार्डिओग्राम काढायचा, सुई लावायची, डॉक्टरांना फोन करायचा. थोड्या वेळाने हृदय बंद पडतं. ते मी आधीच मशीनमध्ये लावून ठेवलेलं असतं. मग छाती दाबायची, शॉक द्यायचा. डॉक्टर म्हणून फोनवर मीच असते.

शेवंती आत आली, खाटेवर वाकली आणि म्हणाली, "काका, काय होतंय?"

"आवशी गे, मेलंय!" धोंडिराम कळवळला. धाकूभाऊंचं दुखणं नेहमी मालवणीतच असतं.

शेवंतीचा चेहरा फुलला. "काका, गाव खंयचा तुमचा?"

इथे धाकूभाऊंनी नुसतं कण्हायचं होतं. पण गाव विचारल्यावर गप्प बसणं त्यांच्या रक्तात नाही. "हरकुळ. कणकवलीच्या भायर."

"अगो बाय! माजा आजोळ थंयच!"

"खंयच्या वाडीत?"

"तेलीवाडीत. सदा तेली माजो मामा."

"सद्याची भाची तू?" धोंडिरामाच्या डोक्यातला स्पीकर आनंदाने खरखरला. "अगो, सद्या नि मी एका वर्गात होतव!"

मी काचेमागे धाकूभाऊंच्या शेजारीच होते. त्यांच्या खांद्यावर थापा मारत होते, पण ते हरकुळला पोहोचले होते. शेवंतीने विचारलं, नदीवरचो पूल झालो काय वो? धोंडिराम म्हणाला, झालो मरे, आता एसटी थेट वाडीत येता. मॉनिटर न जोडल्यामुळे शेवंतीला काही दिसत नव्हतं, पण आमच्या पडद्यावर हृदय तडफडायला लागलं होतं. मग ते थांबलं. धोंडिराम गेला, आणि गेल्यावरही एसटीच्या वेळा सांगत राहिला. बहीण झालेल्या सुगंधामावशी रडं थांबवून पुलाची हकीकत ऐकत उभ्या होत्या.

मी आत जाऊन दिवे लावले. "पेशंट मेला, शेवंती."

"कधी?" ती दचकून म्हणाली.

"पुलाच्या वेळी."

धाकूभाऊ धावत आले. "मॅडम, चूक माझी आहे. पोरीला नापास नका करू."

"चूक तुमचीच आहे. पण तुम्ही बाहुल्याच्या पोटात आहात, ती खाटेशी उभी आहे. खाली तिला असे शंभर गाववाले भेटणार."

शेवंतीचे डोळे भरले, पण ती वाद घालायची थांबली नाही. "मॅडम, गाव विचारलं की माणूस शांत होतो."

"झाला ना शांत. कायमचा."

मला तिची दया आली आणि रागही आला. मी म्हटलं, "हे बघ, विचारू नकोस असं मी म्हणत नाही. पण रिकाम्या हाताने विचारायचं नाही. तोंड सुरू झालं की हात सुरू झाला पाहिजे. ज्या क्षणी हात थांबेल त्या क्षणी तोंड बंद."

हे तिने फारच मनावर घेतलं. जेवणाच्या सुट्टीत ती वर येऊन धोंडिरामाशी बोलत बोलत त्याच्या रबरी दंडात सुई घालायला शिकली. घरी आईच्या हाताला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधून शेजारच्या लग्नाची सगळी बातमी काढली. आईने माझ्याकडे तक्रार केली की हल्ली पोरगी आधी नाडी धरते आणि मग विचारते, चहा ठेवू का?

धाकूभाऊंना मी बजावलं, "धोंडिराम आजपासून नागपूरचा. मालवणीचा एक शब्द नको."

सरावात शेवंतीने ऑक्सिजनचा मास्क चढवता चढवता विचारलं, "काका, नागपुरात कुठे?" धाकूभाऊ आयुष्यात ठाण्यापलीकडे गेले ते फक्त कोकणात. मग धोंडिराम दबक्या आवाजात म्हणाला, "स्टेशनजवळ."

"स्टेशनच्या कुठल्या बाजूला?" शेवंतीने मास्कची पट्टी घट्ट करत विचारलं. धोंडिरामाने सरळ डोळे मिटून घेतले. यासाठी स्क्रिप्टमध्ये काही आधार नव्हता.

मला या मुलीबद्दल कुतूहल वाटायला लागलं. इतक्या वर्षांत हुशार मुली पाहिल्या, धीट मुली पाहिल्या, पण रबराच्या माणसाचा पत्ता काढणारी पाहिली नव्हती. हिला नेमकं हवंय तरी काय? एका दुपारी मी ते विचारलं. तिने डबा खाता खाता उत्तर दिलं.

"हेल्थ चेकअपला माणूस फाइल घेऊन येतो ना मॅडम. सगळं आधीच लिहिलेलं. त्याला काय विचारायचं? कॅज्युअल्टीत माणूस येतो तो अर्धाच येतो. उरलेला अर्धा घरी असतो, रस्त्यात असतो, नातेवाइकाच्या तोंडात असतो. तो कोणीतरी गोळा करायला नको?"

मला ते आवडलं. मी अर्थातच तसं दाखवलं नाही. "आधी समोरचा अर्धा जिवंत ठेव," एवढंच म्हटलं.

दुसऱ्या परीक्षेसाठी मी मुद्दाम न बोलणारा पेशंट निवडला. बघू या, उत्तर देणारा कोणी नसला की ही काय करते. केस अशी: रस्त्यात पडलेला माणूस, कपाळाला जखम, शुद्ध नाही. बायको घेऊन येते आणि म्हणते, "रोज पितो मेला, आजही ढोसली असेल." खरं तर डोक्यात रक्तस्राव सुरू असतो. थोड्या वेळाने एका डोळ्याची बाहुली मोठी होते. दारूच्या नावाखाली नर्स हे नजरेआड करते की काय, हे पाहायचं असतं. वाक्य मावशींना पाठ होतं. ही केस आम्ही आधीही घेतली होती, फक्त तेव्हा मावशी शेजारीण झाल्या होत्या.

या वेळी मला आणखी खरेपणा हवा होता. दारूचा वास पाहिजे. रुग्णालयात दारू कशी आणणार? धाकूभाऊंनी घरून एक जुना शर्ट आणला होता. गणपतीच्या आधी दाराला पॉलिश करताना वापरलेला, बाह्यांवर तपकिरी डाग पडलेला. तो धोंडिरामाला घातला, आणि ड्रेसिंगच्या कपाटातलं स्पिरिट मी त्याच्यावर सढळ हाताने शिंपडलं. मावशी तेव्हा साडी बदलायला गेल्या होत्या. त्यांना हे सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

परीक्षा सुरू झाली. दार ढकलून मावशी ओरडत आल्या, "अहो सिस्टर, बघा ना कोणीतरी!" आणि पद्धतीप्रमाणे त्यांनी खाटेवर अंग टाकलं. तिथेच त्या थांबल्या. रडं नाही, ओरडणं नाही. शर्टाची बाही त्यांनी हातात घेतली आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

"वाक्य विसरल्या वाटतं," धाकूभाऊ कुजबुजले.

शेवंतीचं काम तोवर सुरू झालं होतं. तिने धोंडिरामाच्या तोंडाशी कान नेला, खांद्यावर थापटून हाका मारल्या, मानेला पट्टा लावला, ऑक्सिजन दिला, मॉनिटर जोडला. टॉर्चने डोळे पाहिले आणि मोठ्याने सांगितलं की दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत. त्या घडीला त्या सारख्याच होत्या. मी मनात एकेक खूण करत होते. मुलगी तयार झाली होती. आता सुई लावता लावता तिने मान वर न करता विचारलं, "मावशी, हे दारू घेतात का?"

आता मावशींचं ते वाक्य यायला हवं होतं.

"नाही," सुगंधामावशी म्हणाल्या. "थेंब नाही."

मी ताडकन उठले. मावशींनी आजवर माझ्या लिहिलेल्यातला एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता.

"वास येतोय ना, म्हणून विचारलं," शेवंती म्हणाली. हात थांबला नव्हता.

"स्पिरिट आहे ते. पॉलिशवाला आहे तो. लोकांची कपाटं, पलंग पॉलिश करतो. स्पिरिट कपड्यात मुरतं, धुतलं तरी जात नाही."

"बरं. काही आजार? औषध?"

"शुगर आहे. सकाळी गोळी घेतली."

"आणि खाल्लं काय?"

मावशींचा आवाज खाली गेला. नाटकात त्या मोठ्याने रडतात, भिंती हलवतात. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "काही नाही. ज्यांचं काम होतं त्या पार्टीला घाई होती, संध्याकाळी पाहुणे यायचे होते त्यांच्याकडे. डबा तसाच परत आला. मी उघडून बघितला ना, तसाच होता."

शेवंतीने सुई चिकटपट्टीने बसवली, धोंडिरामाच्या रबरी बोटाला टोचलं, मशीन धरलं आणि काचेकडे बघून विचारलं, "शुगर किती?"

मॉनिटरवर न दिसणारे आकडे काचेमागून आम्ही सांगतो. बेशुद्ध माणसाची शुगर पाहायची हे प्रत्येकीला शिकवलेलं असतं, म्हणून उत्तरही तयार असतं. माझ्या कागदावर लिहिलं होतं, एकशे बारा. म्हणजे शुगर ठीक आहे, दुसरीकडे शोध. धाकूभाऊंनी माइक तळहाताने झाकला आणि माझ्याकडे बघितलं. "मॅडम, किती सांगू?"

परीक्षेच्या मध्ये केस बदलायची नाही, हा नियम मीच केलेला आहे. कितीतरी जणींनी विनवण्या केल्या, मी कधी बदलली नाही. काचेपलीकडे सुगंधामावशी धोंडिरामाचा पाय धरून उभ्या होत्या. काचेतून त्यांना काही दिसत नव्हतं, तरी त्यासुद्धा त्या आकड्याची वाट बघत होत्या. काय झालं होतं ते मला तेव्हा नीटसं माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की ती बाई आता नाटकात नव्हती, आणि एकशे बारा म्हणायची माझी हिंमत नव्हती.

"अठ्ठावीस," मी म्हटलं.

"अठ्ठावीस," धाकूभाऊंनी माइकवर सांगितलं.

शेवंतीने फोन उचलला. माझा फोन वाजला. "डॉक्टर, बेशुद्ध पेशंट, शुगरची गोळी घेऊन उपाशी, शुगर उतरून अठ्ठावीस. कपाळाला जखम आहे, मानेला पट्टा लावलाय, बाहुल्या सारख्या." मी शिरेतून ग्लुकोज द्यायला सांगितलं. तिने औषध आणि मात्रा मला परत म्हणून दाखवली, मगच फोन ठेवला. ग्लुकोज ढकलताना ती मावशींना म्हणाली, "इथे या मावशी, डोक्याशी उभ्या राहा. हाक मारा त्यांना."

मावशी डोक्याशी गेल्या. हाक त्यांच्याने मारवेना.

धाकूभाऊंनी पापण्यांचं बटण दाबलं. धोंडिरामाने डोळे उघडले. आता त्याने बोलायला हवं होतं, आणि हरकुळच्या पुलावर तासभर बोलणाऱ्या माणसाला शब्द सापडेना. ते माइकजवळ वाकले. मग अगदी हळू, मालवणी नाही, नागपूर नाही, असं साधं म्हणाले, "कुठे आहे मी?"

"दवाखान्यात," सुगंधामावशी म्हणाल्या. आणि मग त्या एकदम भडकल्या. "डबा का नाही खाल्ला? किती वेळा सांगितलं तुम्हाला? गोळी घेतली की दोन घास खायचे, मग पार्टी असो नाहीतर पार्टीचा बाप असो! दोन घास खायला किती वेळ लागतो?"

"चुकलं," धोंडिराम म्हणाला. धाकूभाऊंनी माइक बंद केला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

शेवंतीच्या हातात अजून ग्लुकोजची सिरिंज होती. ती एकदा मावशींकडे, एकदा काचेकडे बघत होती. मी दिवे लावून आत गेले.

प्रत्येक परीक्षेनंतर आम्ही सगळे खुर्च्या ओढून बसतो आणि काय झालं ते बोलतो. त्या दिवशी मी आधी शेवंतीला खरं सांगितलं. लिहिलेली केस वेगळी होती, शुगर ठीक असायला हवी होती, आकडा मी बदलला.

"मग ह्याला खरं काय झालं होतं?" तिने विचारलं.

"डोक्यात रक्तस्राव. पुढे एक बाहुली मोठी होणार होती."

"बाहुल्या मी परत बघणार होते मॅडम. ग्लुकोज देऊन झाल्यावर." ती खोटं बोलत नव्हती. टॉर्च तिने खिशात न टाकता उशीशेजारी काढून ठेवला होता.

मग शेवंतीने खुर्ची मावशींकडे सरकवली. मावशींचा हात हातात घेतला, आणि सवयीने बोटं नाडीवर ठेवली. "मावशी, तुमचे मिस्टर होते का?"

सुगंधामावशींनी मान हलवली. "माझा पोरगा दहावीला होता तेव्हा. रस्त्यात पडले, लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं. कपड्याला वास होता ना. म्हणाले, बाकावर झोपू दे, उतरली की उठेल. मी दारातच होते. मला बाहेर थांबा म्हणाले, मी थांबले. मला काय माहीत गं, सांगायचं असतं म्हणून? कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं सगळं." त्यांनी पदराने नाक पुसलं. "माधुरीताई, तुमचं वाक्य मला पाठ होतं हो. पण तो वास आल्यावर मी कशी म्हणू, रोज पितो म्हणून?"

बाटलीभर स्पिरिट मीच ओतलं होतं. मी त्यांची माफी मागितली, आणि त्यांनी "तुम्हाला काय माहीत" म्हणून ती उडवून लावली. धाकूभाऊ दाराशी उभे राहून उगाच एक वायर गुंडाळत होते.

राहिली परीक्षा. शेवंती माझ्याकडे बघत होती, आणि ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच ती काही विचारत नव्हती. केस मी मध्येच मोडली होती, त्यामुळे माझ्या गुणांना काही अर्थ उरला नव्हता. पण आमच्याकडे शेवटी नातेवाईक झालेल्या माणसालाही एक प्रश्न विचारायची पद्धत आहे. त्याच्या उत्तराला गुण असतात, आणि ते मला बदलता येत नाहीत.

"मावशी," मी विचारलं, "या मुलीच्या हाती तुमचं माणूस सोपवाल का?"

सुगंधामावशी उठल्या. धोंडिरामाच्या अंगातला तो शर्ट काढायला त्या एकेक बटण सोडवायला लागल्या. मानेचा पट्टा अजून लावलेला होता, म्हणून शेवंतीने पुढे होऊन त्याचं डोकं धरलं.

"सोपवलं होतं ना आत्ता," मावशी म्हणाल्या. "तिने परत दिलं."

मी शेवंतीला म्हटलं, "उद्या सकाळी खाली कॅज्युअल्टीत हजर हो." तिने नुसती मान डोलावली, कारण डोकं तिच्या दोन्ही हातांत होतं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.